मावशीच्या बाजूने बसलेली ताई : एका रुग्णसहाय्य केंद्राचा अनुभव

मार्चमध्ये माझी मावशी अंगणात घसरून पडली आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. गाव माण तालुक्यात. वय ७१, विधवा, मूलबाळ नाही, एकटीच राहते. डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही. शनिवारी गाडी करून मी तिला पुण्यात एका ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयात आणलं. काउंटरवर पहिला प्रश्न डिपॉझिटचा. मी कंपनीत हेल्पर आहे, हाताशी २० हजार होते ते भरले. बाकीचं सोमवारपर्यंत बघा, म्हणाले. शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या मुलाने रुग्णांच्या बाजूने रुग्णालयाशी बोलणाऱ्या या केंद्राचा नंबर दिला.

तक्रार आधीच सांगतो. शनिवारी दुपारी लावलेला फोन सोमवारी अकराला उचलला गेला. डॉक्टर म्हणत होते ऑपरेशन लवकर झालेलं बरं, आणि आमचे दोन दिवस नातेवाइकांकडे पैसे मागण्यात गेले. केंद्र म्हणजे वाचनालयाच्या मागची एक खोली, दोन टेबलं आणि कागदांनी गच्च भरलेलं कपाट. माणसं दोनच, तीही आठवड्यातून तीन दिवस. रविवारी हाड मोडलेल्याने काय करायचं?

पण सोमवारी फोन उचलल्यावर तासाभरात केंद्रातल्या ताई वॉर्डात हजर. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स आहेत. एक पैसा घेत नाहीत.

मला जे माहीतच नव्हतं ते त्यांनी जिन्यात उभं राहून सांगितलं. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय, म्हणजे ट्रस्टच्या, रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी रुग्णालयाच्या एकूण बिलांतले २ टक्के वेगळ्या निधीत जातात. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुर्बल. म्हणजे मावशीला हे मिळायलाच हवं होतं, आणि दोन दिवसांत कोणी त्याबद्दल शब्द काढला नव्हता. मला त्याचा अजून राग येतो.

काउंटरवर आधी "तहसीलदाराचा दाखला आणा, मग बघू" असं उत्तर आलं. ताईंचा आवाज चढला नाही. मावशीचं पिवळं रेशनकार्ड पुढे ठेवून त्या म्हणाल्या, "हे चालतं. तरी नाही म्हणत असाल तर लेखी द्या, मी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखवते." अर्ध्या तासात फॉर्म आला. पुढे बिल त्या योजनेत बसलं आणि माझे २० हजारही परत मिळाले.

मला मात्र त्यानंतरची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. राउंडला डॉक्टर आले आणि सगळं माझ्याशी बोलायला लागले. मीही मावशीच्या वतीने भराभर उत्तरं देत होतो. ताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "दादा, थोडं थांबा," म्हणाल्या आणि खुर्ची ओढून मावशीच्या उजव्या कानाशी बसल्या. डॉक्टरांचं एकेक वाक्य सावकाश, साध्या शब्दांत तिला सांगितलं. मग विचारलं, "मावशी, तुम्हाला काय विचारायचंय?" मावशी बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मला चुलीफुडं बसाया यील का?"

तीन दिवसांत तिला काही विचारावं हे मला सुचलं नव्हतं. भाच्याच्या मायेने मीच सगळं ठरवत होतो.

डॉक्टरही थांबले. अर्धा सांधा बदलल्यावर उकिडवं किंवा मांडी घालून बसायचं नाही, हे त्यांनी तेव्हा नीट समजावलं. गावाकडचा संडास भारतीय पद्धतीचा, हाही विषय तिथेच निघाला. घरी सोडायच्या आधी ताईंनी केंद्रातून कमोडची खुर्ची आणि वॉकर वापरायला दिला. मावशीने माझ्याकडे दोन महिने राहायचं आणि मग गावी जायचं, हे तिने स्वतः ठरवलं. ओट्यावर गॅस ठेवून उभ्याने स्वयंपाक करायलाही तीच तयार झाली. मी तर तिला कायमची इथेच ठेवणार होतो.

रुग्णालयात समाजसेवा विभागाच्या बाई होत्या, त्या चांगल्या वागल्या. सरकारी योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, तेही वाट दाखवतात. पण समाजसेवा विभागातल्या, रुग्णालयाच्याच पगारावर असलेल्या माणसाला रुग्णालयाकडे लेखी नकार मागणं जड जाणारच. ताईंवर कुणाचं दडपण नव्हतं. आमचंही नव्हतं. मी वेगळ्या खोलीचा हट्ट धरला तेव्हा त्यांनी "हे योजनेत बसत नाही, मी मागणार नाही" असं तोंडावर सांगितलं. तेव्हापासून त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास बसला.

अजून एक कमी. शहर सोडलं की यांचा हात पोचत नाही. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये मावशीला मिळायला हवेत. अर्ज ताईंनी भरून दिला, पण तालुक्याला खेटे मलाच घालावे लागताहेत, दोन खाडे झाले. तिथे अशी एक ताई असती तर मावशीला इतकी वर्षं पेन्शनशिवाय काढावी लागली नसती.

तुम्हाला जायचं असेल तर रेशनकार्ड, आधार आणि रुग्णालयाने दिलेला प्रत्येक कागद, अगदी अंदाजपत्रकाची चिठ्ठीसुद्धा, सोबत न्या. आणि शक्य असेल तर रुग्णाला स्वतः फोनवर बोलायला द्या. ताई आधी त्यांनाच मागतात.