घरी कोणता डोसा शिकायचा? साधा, नीर, पेसरट्टू, अडै की रवा

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. "मावशी, घरी डोसा करायला शिकायचंय. आधी कुठला करू?" दोघंही नोकरीवाले, पुण्यात दोन खोल्यांचं घर, मिक्सर आहे, ग्राइंडर नाही, आणि सकाळी साडेआठला दोघांना घराबाहेर पडायचं असतं. तिच्या डोक्यात अर्थातच हॉटेलातला कुरकुरीत सोनेरी मसाला डोसा होता. मी तिला म्हटलं, तो शिकशीलच, पण त्याच्यापासून सुरुवात करू नकोस. मग आम्ही तासभर बोललो. तेच इथे जरा सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न मला बऱ्याच जणींनी विचारलेला आहे.

आपण 'डोसा' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर एकच पदार्थ येतो. दक्षिणेत मात्र प्रांतागणिक तव्यावरचा पदार्थ बदलतो. मंगळूर-उडुपीकडे नीर डोसा, आंध्रात पेसरट्टू, तमिळ घरांत अडै, दावणगिरीला लोण्याचा बेण्णे डोसा, केरळात अप्पम. यातल्या प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा, तवा वेगळा, पोटात गेल्यावर होणारा परिणामही वेगळा. त्यामुळे निवडताना चवीच्या आधी एक गोष्ट ठरवा: पीठ आंबवायची तुमची तयारी आहे का?

आंबवलेला साधा डोसा: हुकमी आहे, पण वेळापत्रक मागतो

प्रमाण सोपं आहे. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धा चमचा मेथीदाणे. उकडा किंवा इडलीचा तांदूळ मिळाला तर उत्तम, नाहीतर जाडा साधा तांदूळ चालतो. पाच-सहा तास भिजवायचं, डाळ आणि तांदूळ वेगवेगळे वाटायचे, एकत्र कालवून रात्रभर ठेवायचं. म्हणजे रविवारी सकाळी डोसे खायचे तर शनिवारी दुपारी डाळ-तांदूळ भिजायला हवेत. घरात दुपारी कुणी नसेल तर इथेच अडतं.

खरी मेख आंबण्यात आहे. पिठाला फुगवणारे जिवाणू डाळ-तांदळावर मुळातच असतात, बाहेरून काही घालावं लागत नाही. उडदाच्या चिकट गरात त्यांनी तयार केलेला वायू अडकतो आणि पीठ वर येतं. पण त्यांना ऊब लागते. तीस अंशांच्या आसपास आठ-दहा तासांत काम होतं. नाशिकला डिसेंबरात माझं पीठ सोळा तासांनी पाहिलं तरी जसंच्या तसं पातेल्याच्या तळाशी बसलेलं होतं, आणि पाहुणे अकराला येणार होते. त्या दिवशी त्याच पिठात कांदा-कोथिंबीर घालून धिरडी केली. तेव्हापासून थंडीत मी मीठ आधी घालत नाही, कारण मिठाने आंबणं मंदावतं. पातेलं बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवते, किंवा गरम पाण्याच्या भांड्याशेजारी कपाटात. मुंबई-कोकणात ही कटकट नाही. तिथे उलट मे महिन्यात पीठ सहा तासांत आंबट होतं, म्हणून लक्ष ठेवावं लागतं.

दुसरी गोष्ट वाटण्याची. मिक्सर तापतो आणि त्याबरोबर डाळही तापते. थंडगार पाणी घाला, थांबून थांबून फिरवा. डाळ पुरेशी हलकी झाली का ते कळायला एक सोपी खूण आहे: वाटीभर पाण्यात डाळीच्या पिठाचा थेंब सोडा. तरंगला तर झाली, बुडाला तर अजून फिरवा. ही खूण मी ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांची इडलीसुद्धा सुधारली. आठवड्यातून दोनदा पीठ लागणार असेल आणि घरात चार-पाच माणसं असतील तर दगडाचा ग्राइंडर घ्यायचा विचार जरूर करा. कोइम्बतूर त्याचं माहेरघर, तिथल्या ग्राइंडरला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. दोन माणसांसाठी मात्र तो ओट्यावरची जागा अडवून बसेल.

हे सगळं करायचं कशासाठी? कारण हे पीठ फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकतं, आणि रोज त्याचं रूप बदलतं. पहिल्या दिवशी जाडसर, मऊ डोसे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुरकुरीत. चौथ्या दिवशी आंबट झालं की कांदा-मिरची घालून उत्तप्पा किंवा आप्पे. एवढं घरातल्या घरात दुसरं कुठलंच पीठ देत नाही. ज्यांच्या घरी रविवारी दोन तास मोकळे मिळतात आणि पुढचे चार दिवस सकाळी घाई असते, त्यांच्यासाठी हाच बरोबर. दुकानातलं पिशवीतलं पीठ अडीअडचणीला ठीक आहे. ते बरेचदा जास्त आंबलेलं असतं, म्हणून आणल्या आणल्या वापरा, ठेवून देऊ नका.

दावणगिरीचा लोणी डोसा याच कुटुंबातला. पिठात चुरमुरे वाटून घालतात, त्यामुळे आतून जाळीदार आणि मऊ, वरून लोण्यात भाजलेला, सोबत हळद न घातलेली पांढरी बटाट्याची भाजी. आपल्याकडे गाड्यांवर 'दावणगिरी' नावाने मिळतो तो याचाच भाऊ. साधा डोसा हातात बसला की महिन्याभराने हा करून बघा.

नीर डोसा आणि पेसरट्टू: आंबवणं नाही

मी भाचीला या दोघांतून एक निवडायला सांगितलं. दोन्ही रात्री भिजवायचे, सकाळी वाटायचे, लगेच घालायचे. पण स्वभावाने एकदम उलटे.

नीर म्हणजे तुळू-कन्नडमध्ये पाणी. भिजवलेला तांदूळ, मूठभर ओलं खोबरं आणि मीठ, बस. वाटून त्यात पाणी घालत घालत ते ताकाइतकं पातळ करायचं. आमच्या खालच्या मजल्यावर मंगळूरच्या एक काकू राहायच्या. त्यांच्याकडून मी हा शिकले. त्या पळीने पीठ पसरवायच्या नाहीत. तवा कडकडीत तापवून, वाटीने कडेकडून ओतत मध्यापर्यंत यायच्या. पीठ तव्याला लागताच चर्रर्र आवाज व्हायचा आणि सगळीकडे बारीक भोकं पडायची. वर झाकण, मिनिटभराने झाकण काढायचं, कडा सुटलेल्या दिसायच्या. उलटायचा नाही. तव्यावरच घडी घालून त्रिकोण करायचा. आणि गरम गरम एकावर एक रचायचे नाहीत, चिकटतात. त्या एकेक घडी ताटात मोकळी ठेवत आणि गार झाली की डब्यात सरकवत.

कोकणातल्या माणसाला हे वाचून घावन आठवले असतील. बरोबरच आहे. मालवणातला तांदळाचा घावन आणि नीर डोसा सख्खे शेजारी आहेत. दोन्ही तांदळाच्या आणि नारळाच्या किनारपट्टीवरचे. फरक एवढाच की घावन बऱ्याच घरांत पिठी भिजवून करतात आणि इथे तांदूळ भिजवून वाटतात. तुमच्या घरी घावन होत असतील तर नीर डोसा तुम्हाला पहिल्या प्रयत्नात जमेल. नसतील होत, तर पहिले तीन-चार तुटतील, त्याची तयारी ठेवा. पीठ दर वेळी तळापासून ढवळायचं, तांदूळ खाली बसतो. आणि इंद्रायणी किंवा कुठलाही नवा, चिकट तांदूळ घेऊ नका. जुना कोलम घ्या. माझ्या सुरुवातीच्या अर्ध्या फजित्या निव्वळ तांदळाच्या होत्या.

पेसरट्टूत तांदूळ जवळजवळ नाहीच. पेसलु म्हणजे तेलुगूत मूग. सालासकट हिरवे मूग रात्री भिजवायचे, सोबत दोन चमचे तांदूळ कुरकुरीतपणासाठी. सकाळी आलं, हिरवी मिरची, जिरं घालून वाटायचे. पीठ नीर डोशासारखं पातळ नको, पळीने पसरेल इतकं दाट. तव्यावर घातला की वर बारीक चिरलेला कांदा पेरायचा आणि कालथ्याने हलकेच दाबायचा. इथे तवा मध्यम हवा. फार तापला असेल तर पीठ पळीबरोबर वर उचललं जातं आणि मध्ये भगदाड पडतं. तसं झालं तर तव्यावर पाण्याचा हबका मारा, पुसा आणि पुन्हा घाला. सोबत आल्याची आंबट-गोड चटणी, 'अल्लम पचडी'. पोटात उपमा भरला की त्याचंच नाव 'एमएलए पेसरट्टू' होतं. डोशात उपमा हे ऐकून मला आधी विचित्र वाटलं होतं. खाऊन बघा, मऊ उपमा आणि कुरकुरीत मूग एकमेकांना छान सांभाळून घेतात.

आता या दोघांत कुठला? शंभर ग्रॅम कोरड्या मुगात साधारण 24 ग्रॅम प्रथिनं असतात, तांदळात 7 च्या आसपास. सकाळी दोन पेसरट्टू खाऊन गेलेला माणूस एक वाजेपर्यंत जेवण मागत नाही. नीर डोसे सहा खाल्ले तरी अकराला भूक लागते. घरात कुणाला साखरेचा त्रास असेल, मुलं शाळेत डबा नेत असतील, किंवा शाकाहारी घरात प्रथिनांची चिंता असेल, तर मी डोळे झाकून पेसरट्टू सांगेन. नीर डोशाची जागा वेगळी आहे. तो मुळात दुसऱ्याला साथ द्यायला बनलेला आहे. मंगळूरकडे कोरी गस्सीबरोबर, म्हणजे नारळाच्या वाटणातल्या कोंबडीच्या रश्शाबरोबर तो जातो. माशाच्या आमटीबरोबर तर अप्रतिम. शाकाहारी असाल तर गूळ-खोबरं. आजारी माणसाला, दात नसलेल्या आजी-आजोबांना, पोट बिघडलेल्याला याच्याइतका हलका दुसरा डोसा नाही. रविवारी दुपारी मटण-कोंबडी होत असेल तर भाकरी-वड्यांऐवजी एकदा हा ठेवा.

एक उणीव पेसरट्टूची सांगायलाच हवी: पीठ टिकत नाही. दुसऱ्या दिवशी त्याला वास यायला लागतो. लागतील तेवढेच मूग भिजवा. दोन माणसांना एक वाटी पुरते.

अडै: पोटभरीचा

तांदूळ, तूर, चणा, उडीद, लाल मिरच्या, हिंग, कढीपत्ता. सगळं दोन-तीन तास एकत्र भिजवून भरड वाटायचं. गुळगुळीत वाटलंत तर अडै फसला. दातांखाली डाळ लागली पाहिजे. तव्यावर जाडसर थापायचा, मध्ये बोटाने भोक पाडून त्यात तेल सोडायचं, दोन्ही बाजूंनी खरपूस भाजायचा. तमिळ घरांत तो अवियलबरोबर, म्हणजे नारळाच्या वाटणातल्या मिश्र भाजीबरोबर, किंवा गूळ आणि लोण्याबरोबर खातात. शेवग्याचा पाला घातलेला अडै मिळाला तर सोडू नका. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात 'धोसक' आलेला आहे आणि तो डाळींचा आहे. गूळ-लोण्याबरोबर अडै खाताना मला तो धोसक हटकून आठवतो.

चकली, थालीपीठ आवडणाऱ्या मराठी जिभेला अडै सगळ्यात लवकर आपलासा वाटतो, असा माझा अनुभव आहे. रात्रीच्या जेवणाला करा, सकाळी नको, जड पडतो.

रवा डोसा आणि अप्पम

रवा डोशाला भिजवणं-वाटणं काहीच लागत नाही, म्हणून लोक तोच आधी धरतात आणि निराश होतात. रवा, तांदळाची पिठी, थोडा मैदा, भरपूर पाणी, अर्धा तास मुरवायचं. इथवर सोपं. पण एकेक डोसा तव्यावर चार-पाच मिनिटं घेतो, तेल जास्त पितो, आणि गार झाला की त्याची सगळी मजा जाते. पाचजण टेबलाशी बसलेले असताना शेवटच्याला पाऊण तास थांबावं लागतं. दोघंच असाल आणि अचानक खावासा वाटला तरच करा.

अप्पमला नारळाचं दूध, आंबवण, आणि खोलगट अप्पचट्टी लागते. सपाट तव्यावर त्याची ती जाळीदार झालर आणि मधला मऊ फुगवटा येत नाही. कढई नवीन घ्यायची तयारी असेल तर जरूर, पण पहिला डोसा म्हणून नाही.

तव्याबद्दल

भाचीने पेसरट्टू निवडला, आणि लगेच विचारलं, नॉनस्टिक घेऊ की बिडाचा? पेसरट्टू आणि रवा डोसा नॉनस्टिकवर बरे होतात. नीर डोशाला आणि कुरकुरीत साध्या डोशाला बिडाच्या तव्याची धग लागते. जाळी तिथेच पडते. पण नवा बिडाचा तवा आणल्या दिवशी त्यावर नीर डोसा घालू नका, एकही सुटणार नाही. तवा धुऊन, कोरडा करून, तेल लावून मंद आचेवर तापवा, गार होऊ द्या, असं तीन-चारदा करा. मग आठवडाभर त्यावर अडै करा. अडैला तेल जास्त लागतं आणि तो जाड असतो, त्यामुळे तुटत नाही आणि तवाही आपोआप तयार होतो. कांदा अर्धा कापून, काट्याला टोचून तेलात बुडवायचा आणि प्रत्येक डोशाआधी तव्यावर फिरवायचा. आठव्या दिवशी नीर डोशाचं पीठ ओता. कडा आपणहून सुटलेल्या दिसल्या की तवा लागला म्हणून समजा.