मिथिलीन ब्लूचे थेंब : पावसाळा ते दिवाळी, वापरानंतरचा अनुभव

डोकं तल्लख होतं म्हणून विकले जाणारे मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचे थेंब मी पिऊन बघितले. लघवी निळी होते का, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. हो, लघवीचा रंग बदलतो. थोडे थेंब घेतले तर पिस्ता, जास्त घेतले तर मोरपंखी. मूत्रपिंडं रंग बाहेर टाकतात, एवढंच. पण या रंगाबद्दल मला पुढे बरंच बोलायचंय, कारण या थेंबांची निम्मी जाहिरात तोच करतो असं माझं मत झालंय.

मी राहते ठाण्यात, नौपाड्यात, आणि नोकरी रबाळे एमआयडीसीत, एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत क्यूसीला, म्हणजे दर्जा तपासणीत. मिथिलीन ब्लू माझ्या रोजच्या ओळखीचा. पाकातली रिड्यूसिंग शुगर (ग्लुकोजसारखी साखर) मोजताना फेहलिंगच्या उकळत्या द्रावणात शेवटी शेवटी हाच इंडिकेटर, म्हणजे खूण दाखवणारा रंग, टाकतो. निळा रंग गेला की ब्युरेट, म्हणजे थेंब सोडणारी मापाची नळी, बंद. डेअरीवाले याच रंगाने दुधाची एमबीआरटी टेस्ट करतात. दूध पाच तास निळं टिकलं तर उत्तम, अर्ध्या तासातच पांढरं पडलं तर जिवाणूंनी भरलेलं. पालिकेच्या दवाखान्यात मलेरियाची स्लाइड ज्या जेएसबी स्टेनने रंगवतात त्यातही हाच असतो. त्यामुळे मोबाइलवर कोणी परदेशी गृहस्थ तोच निळा द्राव पाण्यात टाकून ‘मेंदूचं इंधन’ म्हणून पिताना दिसला तेव्हा मला आधी हसू आलं. मग वाचायला बसले, कारण माझी अवस्थाही काही फार हसण्यासारखी नव्हती. पन्नाशी जवळ आलेली, झोप तुटक, दुपारी तीननंतर डोक्यात धुकं, आणि ओळखीच्या माणसाचं नाव ऐन वेळी न आठवणं.

दावा असा आहे. पेशींच्या मायटोकॉन्ड्रियात इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने पुढे जातात आणि त्यातून ऊर्जा तयार होते. मधला एखादा टप्पा अडला तर मिथिलीन ब्लू स्वतः इलेक्ट्रॉन उचलतो आणि कॉम्प्लेक्स १ व ३ हे टप्पे टाळून थेट पुढच्या सायटोक्रोम सी या प्रथिनाकडे पोचवतो. घोडबंदर रोड तुंबला की रिक्षावाला कोलशेतच्या आतल्या रस्त्याने काढतो, तसं. प्रयोगशाळेत हे दिसलेलं आहे, थाप नाही. मात्र मात्रा वाढली की परिणाम उलटा होतो हेही तिथेच दिसलंय, आणि ते विकणारे सहसा सांगत नाहीत.

मी घेतलेली बाटली १ टक्का द्रावणाची, ३० मिलीची, ऑनलाइन मागवलेली. १ टक्का म्हणजे एका मिलीत १० मिलिग्रॅम. वीस थेंबांचा एक मिली धरला तर एका थेंबात साधारण अर्धा मिलिग्रॅम. मी सकाळी नाश्त्यानंतर, कधी पाच थेंब, कधी दहा, असं घेत होते. आता गंमत बघा. विक्रेते ज्या अभ्यासाचा हवाला देतात तो २०१६ साली ‘रेडिओलॉजी’ या नियतकालिकात आला. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत केलेला, २६ निरोगी माणसांवरचा. एकदाच तोंडावाटे औषध दिलं आणि मग मेंदूचं एमआरआय घेत काही कामं करायला लावली. आठवणीच्या चाचणीत बरोबर उत्तरं ७ टक्क्यांनी वाढली. पण मात्रा किती, तर २८० मिलिग्रॅम. म्हणजे त्या अभ्यासाची बरोबरी करायची तर माझी जवळजवळ अख्खी बाटली एका दमात प्यायला हवी. (कोणी कृपा करून तसलं काही करू नका.) पाच मिलिग्रॅम घ्यायच्या बाटलीवर २८० मिलिग्रॅमचा निकाल छापणं ही माझ्या क्षेत्रात सरळसरळ लेबलवरची फसवणूक ठरली असती.

अनुभव असा. चव कडवट, धातूसारखी, जिभेवर रेंगाळणारी. रिकाम्या पोटी घेतलं की मळमळ. संध्याकाळी घेऊन बघितलं तर रात्री एकपर्यंत डोळे टक्क, त्यामुळे दुपारनंतर बंद. पहिले काही आठवडे खरंच हुशारी वाटली. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये बसले की ऐरोली यायच्या आत सुडोकू सुटायचं, आणि दुपारच्या बॅच रिपोर्टमध्ये तीच ओळ तीनदा वाचणं थांबलं. मी नवऱ्याला मोठ्या उत्साहाने सांगितलंही. तो बँकेतला, संशयी. म्हणाला, “तुला माहीत आहे ना तू घेतलंयस ते? मग तुझ्या मताला काय किंमत?”

रागच आला. पण मुद्दा बिनतोड होता. दिवसातून चार वेळा बाथरूममध्ये निळी पावती मिळत असेल तर माणसाला बरं वाटणारच. ती पावती रंग मूत्रपिंडातून गेल्याची असते, मेंदूत काही घडल्याची नव्हे. पण मनाला तेवढा फरक कुठे कळतो. नवऱ्याने गुपचूप कधी थेंब टाकून, कधी न टाकता सरबत द्यावं, अशीही कल्पना निघाली. पण ती जमणारी नव्हती. एक तर रंग लपत नाही, आणि लपवला तरी लघवी सगळं उघडं पाडते. मोठमोठ्या चाचण्यांनाही हीच अडचण आली. अल्झायमरवर याच रेणूच्या एका सुधारित रूपाची ८९१ रुग्णांवर १५ महिने चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. त्यात तुलनेच्या गटालाही रोज दोनदा ४ मिलिग्रॅम औषध दिलं होतं, केवळ लघवीला रंग यावा आणि कोण कुठल्या गटात आहे हे कळू नये म्हणून! निकाल असा की मोठी मात्रा घेणारे त्या ‘नुसत्या रंगाच्या’ गटापेक्षा सरस ठरले नाहीत. हे वाचल्यावर माझं सुडोकू मला जरा वेगळं दिसायला लागलं.

त्यात आणखी एक गुंता. याच काळात फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं, बी १२ बरंच कमी निघालं आणि इंजेक्शनं सुरू झाली. गणपतीनंतर मला जे निश्चित बरं वाटायला लागलं त्याचं श्रेय कोणाला द्यायचं? माझा कौल बी १२ला, कारण नवरात्रात थेंब पूर्ण थांबवले तरी दुपारचं धुकं परत आलं नाही. दिवाळीच्या आधी पुन्हा थोडे दिवस घेऊन बघितले; लघवी सोडून कशातच फरक नाही.

आता डागांबद्दल, कारण हे कोणी नीट सांगत नाही. दात, जीभ, स्टीलचं सिंक, बेसिन, बोटं, सगळीकडे निळं. घासून जात नाही. व्हिटॅमिन सीची गोळी कुटून थोड्या पाण्यात लावा. तिच्यातलं ॲस्कॉर्बिक आम्ल या रंगाचं बिनरंगी रूप करतं आणि डाग डोळ्यांदेखत उडतो. कपड्यावर मात्र लगेच धुवून टाका, नाहीतर हवेतल्या ऑक्सिजनने निळेपणा परत यायला लागतो.

दर्जाचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हाच रंग फिश टँकच्या दुकानात शंभराच्या आत-बाहेर मिळतो, लॅबच्या कपाटात असतो, आणि कापड रंगवायलाही वापरतात. कापडाचा रंग म्हणजे बहुधा झिंक क्लोराइडबरोबरचा जोडक्षार (डबल सॉल्ट) असतो. फार्मा ग्रेडमध्ये जड धातू आणि अझ्युअर बीसारखी अशुद्धी यांना मर्यादा घातलेली असते. माशांच्या किंवा स्लाइडच्या बाटलीवर तशी कोणतीही हमी नसते. मी विक्रेत्याकडे सीओए, म्हणजे त्या बॅचच्या तपासणीचा दाखला, मागितला. गोड बोलून पीडीएफ पाठवली. त्यावरचा बॅच नंबर आणि बाटलीवरचा बॅच नंबर वेगळा. पुन्हा विचारलं तर उत्तर नाही. रोज सीओए बघणाऱ्या बाईला असं गंडवता येईल असं त्यांना का वाटलं असेल, देव जाणे.

माझ्या जाऊबाई वर्षभर एस्सिटालोप्रॅम या नैराश्यावरच्या गोळीवर आहेत. माझ्या पहिल्या आठवड्यांतला उत्साह बघून त्या म्हणाल्या, “मलाही दे गं थोडे थेंब, माझंही डोकं चालत नाही.” मी सरळ नाही म्हटलं, आणि त्या दोन दिवस रुसल्या. कारण असं की मिथिलीन ब्लू हा मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन मोडणाऱ्या एमएओ-ए या एन्झाइमला जोरात अडवणारा पदार्थ आहे. एस्सिटालोप्रॅमसारख्या, सेरोटोनिन वाढवणाऱ्या एसएसआरआय गोळ्यांबरोबर तो गेला तर सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढून ताप, थरथर, गोंधळ, प्रसंगी जिवावरचं संकट. अमेरिकेच्या एफडीएने २०११ मध्ये याबद्दल इशारा दिला. त्या घटना बहुतेक इंजेक्शनच्या मात्रेतल्या होत्या, पण घरच्या माणसावर मी ती सीमा शोधायला जाणार नाही. ट्रामाडॉल हे वेदनाशामकही याच यादीत, आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषधसुद्धा. ते तर आपल्याकडे प्रत्येक घरातल्या फ्रिजच्या दारात असतं.

दुसरी गोष्ट जी६पीडी. हे एन्झाइम जन्मतः कमी असलेल्यांच्या लाल रक्तपेशी या औषधाने फुटू शकतात. बहुतेकांना आपल्यात ही कमतरता आहे हे माहीतच नसतं. मी सुरू करण्याआधी नौपाड्यातल्याच लॅबमध्ये तपासून घेतलं. साधी रक्ताची तपासणी आहे. गरोदर बायकांनी तर याच्या वाटेलाच जाऊ नये.

मेथेमोग्लोबिनेमियात, म्हणजे रक्त ऑक्सिजन नीट वाहून नेईनासं होतं तेव्हा, हेच औषध शिरेतून किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम देतात आणि निळसर पडलेला रुग्ण सुधारतो. १८७६ मध्ये कापडासाठी बनलेला हा रंग पॉल एर्लिख यांनी १८९१ मध्ये मलेरियाच्या रुग्णांना दिला होता. औषध म्हणून त्याचा दबदबा मला मान्य आहे. ‘वेलनेस’च्या बाटलीवर तो दबदबा उसना घेतलेला आहे, माझी तक्रार तेवढीच. घेतच असाल तर डॉक्टरांना सांगून ठेवा. हे औषध शिरेतून दिल्यावर ऑक्सिमीटर खोटाच कमी आकडा दाखवतो, इतका हा रंग यंत्रांच्या कामात अडथळा आणतो.

गुण द्यायचे तर पाचपैकी दीड. एक डोकेदुखी किंवा रक्तदाबाची कुरबुर झाली नाही म्हणून, अर्धा सुडोकूचा. बाटली दीड हजारांच्या आसपास पडली, तेवढ्यात बी १२ची इंजेक्शनं होऊन वर पैसे उरले असते.

उरलेली बाटली भाचा घेऊन गेला. त्याच्या माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झालाय. वेगळ्या टँकमध्ये मासे काढून मगच टाक, नाहीतर फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतील, एवढं त्याला बजावलंय.