डिस्क भरली म्हणून लगेच प्लॅन वाढवू नका: उबुंटूवरचा एसक्यूएल सर्व्हर, उन्हाळा ते दिवाळी

हा रिव्ह्यू लिहायला निमित्त झालं होस्टिंगवाल्याचं उत्तर. डिस्क 100 टक्के भरलेली, नागपूरच्या इतवारीतल्या होलसेल दुकानाचं बिलिंग ठप्प, काउंटरवर गिऱ्हाईक उभं. आणि सपोर्टवाला एकच गोष्ट सांगून राहिला: ‘सर, पुढचा प्लॅन घ्या.’ प्लॅनची काही गरज नव्हती. 38 जीबी जागा अशा एका फाइलनं अडवली होती, जी कुठल्याच फोल्डरमध्ये दिसत नव्हती. ती सापडायला दोन कमांड लागल्या, पैसा एकही नाही.

मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर 2017 पासून लिनक्सवर (उबुंटू हा त्यातलाच एक प्रकार) चालतो, हे आता जुनं झालं. इन्स्टॉल कसं करायचं ते इथे सांगत नाही, त्याची माहिती ढिगानं पडलीय. ज्यांची सगळी नोकरी विंडोजवर, मॅनेजमेंट स्टुडिओत माउस फिरवण्यात गेली आणि आता समोर टर्मिनलची काळी खिडकी आलीय, त्यांच्यासाठी हे आहे. कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्यात. टाइप करताना अक्षरं लहान ठेवा. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलंय. लिनक्सला लहान-मोठ्या अक्षराचा फरक कळतो, फाइलच्या नावातसुद्धा.

आधी पैशाचं बोलू. लिनक्सवर गेलं की एसक्यूएल सर्व्हर फुकट होतो असा एक गोड गैरसमज बाजारात आहे. तसं नाही. वाचतं ते विंडोज सर्व्हरचं लायसन्स. एसक्यूएल सर्व्हरचं तेवढंच राहतं. एक्स्प्रेस ही आवृत्ती फुकट आहे, पण दर डेटाबेसची मर्यादा (2022 पर्यंतच्या आवृत्त्यांत 10 जीबी, 2025 मध्ये 50 जीबी) इथेही सुटत नाही. म्हणजे बचत एका जागी होते आणि होस्टिंगवाला ती डिस्क आणि रॅमच्या नावानं परत काढायला बसलेला असतो. त्याला उत्तर द्यायचं असेल तर डिस्कचा हिशोब स्वतःला करता आला पाहिजे.

तर डिस्क. पहिली कमांड ‘डीएफ -एच’. कुठलं पार्टिशन किती भरलं ते दिसतं. दुसरी ‘सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=1 / | सॉर्ट -एच’. कुठल्या फोल्डरनं किती खाल्लं ते लहानापासून मोठ्याकडे लावून मिळतं. यातला एक्स विसरू नका. तो नसला तर डीयू दुसऱ्या डिस्कवरचा डेटाही याच बेरजेत धरतो आणि आकडे भलतेच येतात. सुडो (कमांड रूटच्या, म्हणजे मुख्य युजरच्या अधिकारानं चालवणं) गाळलंत तर ज्या फोल्डरमध्ये शिरायची तुम्हाला परवानगी नाही ते मोजलेच जात नाहीत. एसक्यूएल सर्व्हरचा डेटा नेमका तशाच ठिकाणी, /व्हार/ऑप्ट/एमएसएसक्यूएल मध्ये असतो.

आता खरी गंमत. डीएफ म्हणतो 97 जीबी वापरले, डीयूची बेरीज येते 59. दोघंही खरंच बोलतात. डीएफ फाइल सिस्टिमला विचारतो, डीयू फोल्डर-फोल्डर हिंडून मोजतो. लिनक्समध्ये फाइल ‘आरएम’नं उडवली की फक्त तिचं नाव जातं. एखाद्या प्रोसेसनं ती उघडून ठेवली असेल तर आतला डेटा तसाच राहतो, जागा सुटत नाही. विंडोज अशा वेळी बहुतेकदा ‘फाइल वापरात आहे’ म्हणून अडवतो. लिनक्स मुकाट्यानं ‘हो’ म्हणतो. विंडोजवाला नेमका इथेच फसतो, कारण लॉग उडवला आणि जागा मोकळी झाली नाही, हे त्याच्या हिशोबात बसतच नाही.

शोधायची कमांड ‘सुडो एलएसओएफ +एल1’, यात एल मोठा. नाव गेलेल्या पण उघड्या असलेल्या फाइल तेवढ्या दाखवते. इथे ओळ अशी होती: प्रोसेस जावा, पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) 2214, एफडीच्या (उघड्या फाइलचा क्रमांक) रकान्यात 1डब्ल्यू, एनलिंकच्या (उरलेली नावं) रकान्यात 0, आणि शेवटी कॅटालिना.आउट, पुढे कंसात ‘डिलीटेड’. बिलिंगचं टॉमकॅट (जावावर चालणारा वेब सर्व्हर) त्याच मशीनवर. कुणीतरी त्याचा फुगलेला लॉग चालू स्थितीत उडवला आणि टॉमकॅट त्या बिननावाच्या फाइलमध्ये लिहीतच राहिलं.

टॉमकॅट रीस्टार्ट केलं की जागा सुटते. पण भर दुपारी काउंटरवर गर्दी असताना रीस्टार्ट नको असेल तर ‘सुडो ट्रंकेट -एस 0 /प्रोक/2214/एफडी/1’. फाइल तिथल्या तिथे शून्य होते, प्रोसेस चालूच राहते. टॉमकॅटची स्क्रिप्ट या फाइलला जोडत-जोडत लिहिते, म्हणून हे निभतं. जो प्रोग्राम तसा लिहीत नाही तो जुन्याच जागेपासून पुढे लिहू लागतो. मग ‘एलएस’ला फाइल मोठीच्या मोठी दिसते, डीयूला छोटी. आणि ‘सुडो’ लावून ‘>’ चिन्हानं फाइल रिकामी करायला जाऊ नका. ते चिन्ह तुमचा शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) हाताळतो, सुडो नाही, आणि परवानगी नाकारली जाते.

एमडीएफ (डेटाबेसची डेटा फाइल) किंवा एलडीएफवर (त्याच्या लॉगची फाइल) यातलं काही म्हणजे काहीही करायचं नाही. एलडीएफ फुगली असेल तर तो प्रश्न डेटाबेसचा आहे. सिस.डेटाबेसेस मध्ये लॉग_रीयूज_वेट_डेस्क बघा. तिथे लॉग_बॅकअप लिहिलं असेल तर रिकव्हरी मॉडेल फुल (लॉग बॅकअप होईपर्यंत लॉग साठवून ठेवणारं) ठेवून लॉग बॅकअप कुणी घेतच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आकडे न जुळण्याचं दुसरं कारण जास्त फसवं आहे. बॅकअपसाठी वेगळी डिस्क /बॅकअप वर जोडलेली असते. रीबूटनंतर ती जोडली गेली नाही, तर /बॅकअप हे मूळ डिस्कवरचं साधं फोल्डर उरतं आणि रात्रीचा बॅकअप गुपचूप तिथे जाऊन पडतो. नंतर कुणी डिस्क जोडली की तो तिच्याखाली झाकला जातो. डीयूला दिसत नाही, एलएसओएफलाही नाही. बघायचं तर ‘सुडो माउंट --बाइंड / /एमएनटी’ करून /एमएनटी/बॅकअप उघडा. काम झालं की ‘युमाउंट’. आणि बॅकअपच्या स्क्रिप्टची पहिलीच ओळ अशी ठेवा: ‘माउंटपॉइंट -क्यू /बॅकअप || एक्झिट 1’.

तिसरी गोष्ट पुन्हा खिशाची. ईएक्सटी4 फाइल सिस्टिम मुळातच 5 टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. 200 जीबीच्या डेटा डिस्कवर 10 जीबी. पैसे तुम्ही भरले, जागा वापरता येत नाही. मुख्य सिस्टिम डिस्कवर ती राखीव असूच द्या. तिच्यामुळेच अडचणीच्या वेळी रूटला काम करता येतं. पण नुसत्या डेटाच्या डिस्कवर ‘सुडो ट्यून2एफएस -एम 1’ आणि पुढे डिव्हाइसचं नाव दिलं की 8 जीबी चालू सर्व्हरवर मोकळे होतात. हे सपोर्टवाल्यानं कधी सांगितलं नाही, सांगणारही नाही. एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमवर ही भानगड नाही. तिथली भानगड अशी की पार्टिशन वाढवता येतं, कमी करता येत नाही.

या सगळ्यात माझं एक मत पार बदललं. आधी वाटायचं, ब्राउझरमधलं एखादं पॅनेल टाकलं की भागेल, कमांड पाठ कशाला करायच्या? डिस्क पूर्ण भरली तेव्हा ते पॅनेल लॉगिनच घेईना. टर्मिनल उघडलं, पण तिथेही टॅब दाबल्यावर नाव पूर्ण होण्याऐवजी ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ आलं, कारण त्यासाठी शेलला छोटी तात्पुरती फाइल लागते. अशा वेळी पाथ हातानं, अक्षर न् अक्षर टाइप करावा लागतो. पॅनेल काढून टाकलं. चार-पाच कमांड बोटात बसलेल्या बऱ्या.

रॅमचा प्रकारही डिस्कसारखाच. ‘फ्री -एच’ केलं की फ्रीच्या रकान्यात 300 एमबी दिसतात आणि माणूस रॅमच्या किमती बघायला लागतो. बघायचा रकाना अव्हेलेबल. बफ/कॅशमधली बरीचशी जागा लागेल तेव्हा परत मिळते. खरी अडचण ही की एसक्यूएल सर्व्हर स्वतःहून 80 टक्क्यांपर्यंत मेमरी घेऊ शकतो. 16 जीबीच्या मशीनवर ते पावणेतेरा जीबी झाले. शेजारी जावाला चार दिले की गणित चुकलं. मग कर्नल (लिनक्सचा गाभा) सगळ्यात जाड प्रोसेस मारतो, म्हणजे तुमचा डेटाबेस. एररलॉगमध्ये त्याचा मागमूस नसतो, तो ‘सुडो डीमेसेज -टी | ग्रेप -आय किल्ड’ मध्ये सापडतो, इथला टी मोठा. उपाय: ‘एमएसएसक्यूएल-कॉन्फ सेट मेमरी.मेमरीलिमिटएमबी 10240’ आणि सर्व्हिस रीस्टार्ट. ही कमांड /ऑप्ट/एमएसएसक्यूएल/बिन मध्ये असते, पाथमध्ये आपोआप येत नाही. ‘पीएस’मध्ये एसक्यूएलसर्व्हर दोनदा दिसला तर घाबरू नका, पहिली प्रोसेस राखणदार, काम करते ती दुसरी.

रीस्टोअर करताना बहुतेकांना ‘ऑपरेटिंग सिस्टिम एरर 5, ॲक्सेस इज डिनाइड’ भेटतो आणि ते फाइलला 777 (सगळ्यांना सगळी परवानगी) देऊन मोकळे होतात. तरीही चालत नाही. कारण अडथळा फाइलवर नसून वाटेत असतो. विंडोजहून आणलेली बीएके (बॅकअपची) फाइल तुमच्या होम फोल्डरमध्ये येते, आणि उबुंटूच्या हल्लीच्या आवृत्त्यांत होम फोल्डर 750 (मालक आणि त्याचा गट सोडून बाकीच्यांना बंद) असतं. सर्व्हर चालतो एमएसएसक्यूएल नावाच्या युजरखाली. त्याला दारातूनच आत येता येत नाही. ‘नेमआय -एल’ आणि पुढे फाइलचा पूर्ण पाथ द्या, वाटेतल्या प्रत्येक फोल्डरची परवानगी एकाखाली एक दिसते. नाहीतर सरळ ‘सुडो -यू एमएसएसक्यूएल एलएस -एल’ करून त्याच्याच नजरेनं बघा. फाइल /व्हार/ऑप्ट/एमएसएसक्यूएल खाली हलवा, ‘सीएचओन एमएसएसक्यूएल:एमएसएसक्यूएल’ करा, 640 पुरे. मग रीस्टोअरमध्ये प्रत्येक फाइलसाठी ‘विथ मूव्ह’ द्यायचं, कारण बॅकअपच्या आत अजून सी ड्राइव्हचे पाथ बसलेले असतात. ‘रीस्टोअर फाइललिस्टओन्ली’ आधी चालवलं की त्यांची लॉजिकल नावं मिळतात.

फाइल आणायला एससीपी नको, ‘आरसिंक -एव्हीपी’ वापरा, शेवटचा पी मोठा. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की लाइट आणि ब्रॉडबँड दोन्हीचा भरवसा नसतो. कनेक्शन तुटलं तरी आलेला तुकडा राहतो, तो फेकून पहिल्यापासून सुरुवात होत नाही. त्याच कारणासाठी लांबलचक रीस्टोअर टीमक्सच्या (कनेक्शन तुटलं तरी टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्राम) आत चालवा. एसएसएच (दूरच्या मशीनशी टर्मिनलचं कनेक्शन) तुटलं की साधा एसक्यूएलसीएमडी (डेटाबेसला आज्ञा देणारी कमांड) मरतो आणि त्याच्याबरोबर रीस्टोअरही. टीमक्समध्ये परत येऊन ‘टीमक्स ए’ म्हटलं की काम जिथल्या तिथे.

पासवर्डमध्ये उद्गारचिन्ह किंवा डॉलर असेल तर तो एकेरी अवतरणातच घाला. दुहेरीत शेल त्यांचा भलताच अर्थ लावतो, लॉगिन फेल होतं आणि लोक एसएचा (डेटाबेसचा मुख्य युजर) पासवर्ड रीसेट करत बसतात. आणखी चांगलं म्हणजे तो कमांडवर लिहायचाच नाही, एसक्यूएलसीएमडीपासवर्ड (सगळी अक्षरं मोठी) या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवायचा. नाहीतर हिस्ट्रीत राहतो. नवा एसक्यूएलसीएमडी 18 एन्क्रिप्शन धरून चालतो, स्वतःचंच बनवलेलं सर्टिफिकेट असेल तर मोठा -सी द्यावा लागतो.

क्रॉनबद्दल (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) सुरुवातीला माझं मत चांगलं होतं. आता अर्धंच राहिलं. हातानं चालवलेली स्क्रिप्ट चालते, क्रॉनमध्ये नाही, आणि क्रॉन काही सांगत नाही. क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ. बॅकअपच्या नावात तारीख घालायला ‘डेट +%’ लिहिलं की कमांड तिथेच तुटते. टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ द्या किंवा तारीख स्क्रिप्टच्या आत काढा. एसक्यूएलसीएमडीचा पूर्ण पाथ लिहा. त्याला ‘-बी’ द्या, नाहीतर बॅकअप फसला तरी स्क्रिप्टला सगळं आलबेल वाटतं. क्लाउडचं मशीन बहुतेकदा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) असतं. रात्री 2 चा बॅकअप आपल्याकडे सकाळी साडेसातला सुरू होतो. ‘टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता’ (यातला ए आणि के मोठा) करा आणि क्रॉन रीस्टार्ट करा. स्क्रिप्ट विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिली असेल तर ओळीच्या शेवटचं ते अदृश्य अक्षर ‘डॉस2युनिक्स’नं काढा, ‘बॅड इंटरप्रिटर’ त्याच्यामुळेच येतो.

जुने बॅकअप काढताना ‘फाइंड’मध्ये ‘-डिलीट’ सगळ्यात शेवटी लिहायचं. आधी लिहिलंत तर अट तपासायच्या आधीच सगळं साफ, आणि इथे रीसायकल बिन नाही. पहिल्यांदा ‘-प्रिंट’ लावून यादी बघा. ‘-एमटाइम +7’ म्हणजे पूर्ण आठ दिवस झालेली फाइल, सात नाही; डिस्क मोजून घेतली असेल तर एका दिवसाचा बॅकअप जास्त धरा.

एररलॉग बघायला ‘टेल’ला मोठा एफ द्या. लहान एफ जुन्याच फाइलला चिकटून बसतो; सर्व्हर रीस्टार्ट झाला की तिचं नाव एररलॉग.1 होतं आणि तुम्ही मेलेल्या फाइलकडे टक लावून बसता. ग्रेपला काहीच सापडत नसेल तर फाइल यूटीएफ-16 मध्ये आहे का बघा, आधी ‘आयकॉन्व्ह’मधून काढा.

रेटिंग: सर्व्हरला पाचपैकी चार, क्रॉनला अडीच, होस्टिंगच्या सपोर्टला एक. ज्यांचा कारभार मेंटेनन्स प्लॅन, एक्सपी_सीएमडीशेल किंवा फाइलस्ट्रीमवर चालतो त्यांनी मात्र घाई करू नये. लिनक्सवर यातलं काहीच चालत नाही. एजंट (ठरलेले जॉब चालवणारा) चालतो, पण बंद अवस्थेत येतो. ‘एमएसएसक्यूएल-कॉन्फ सेट एसक्यूएलएजंट.एनेबल्ड ट्रू’ करून सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागते, आणि त्याच्या जॉबमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमची कमांड चालवायची पायरी मिळत नाही. एवढं सगळं नव्यानं लिहायला बसवायचा माणूस आणि विंडोजचं वाचणारं लायसन्स, दोन्ही आकडे आधी कागदावर मांडून बघा.