हाताने फिरवायचा कॉफी ग्राइंडर : सहा-सात महिन्यांच्या वापरानंतर

हा ग्राइंडर घेऊन सहा-सात महिने झाले. रोज वापरते, सकाळी एकदा आणि बहुतेक दुपारीही. घेण्याआधी वाचलेले बरेचसे रिव्ह्यू पहिल्या आठवड्यातले होते: खोकं उघडलं, दिसायला देखणा आहे, पाच तारे. दळायचं यंत्र पहिल्या आठवड्यात कळत नाही. म्हणून थांबले, आणि आता सविस्तर लिहिते आहे.

आधी वस्तू कशी आहे ते सांगते. आत स्टीलचा शंकूच्या आकाराचा ३८ मिलिमीटरचा बर, म्हणजे बिया दळणारा दातेरी भाग, बाहेर अ‍ॅल्युमिनियमची नळी, वर फिरवायचा दांडा, खाली पूड जमा होणारा डबा. एका वेळी २५ ग्रॅम बिया मावतात. बारीक-जाड करायला आत एक चकती आहे. ती फिरवली की क्लिक होतो आणि माहितीपत्रकानुसार प्रत्येक क्लिकला दळणाची फट ३० मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कमी-जास्त होते. मोटर नाही, वायर नाही. कॉफीच्या सामानावर मी आजवर जो खर्च केला, त्यात हा सगळ्यात सार्थकी लागला असं माझं ठाम मत आहे. चव सुधारलीच, पण मला नेमकी कुठली कॉफी आवडते हे याच्यामुळे कळलं, आणि त्याचं मोल मला जास्त वाटतं.

याआधी माझ्याकडे पात्याचा विजेवरचा ग्राइंडर होता. पातं बी दळत नाही, तोडतं. जो तुकडा पात्यासमोर आला तो पुन्हा पुन्हा तुटतो, कडेचा तसाच राहतो. त्यामुळे एकाच पुडीत पीठही असतं आणि अर्धी बीही. यात बिघडतं काय, तर भाजलेल्या बीमध्ये पाण्यात विरघळण्याजोगा भाग साधारण ३० टक्के असतो आणि तो सगळा कपात आलेला चांगला लागत नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेत एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतले अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी यावर काम केलं. बीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरला की चव जमते, ही तेव्हाची मर्यादा आजही कॉफीवाले मानतात. त्याहून कमी उतरला तर कॉफी आंबट आणि पांचट, जास्त उतरला तर कडू आणि जिभेला कोरडी. पात्याच्या पुडीत पीठ २२ टक्क्यांच्या पुढे निघून जातं आणि जाड तुकडे १८पर्यंत पोचतच नाहीत. एकाच घोटात आंबटही लागतं आणि कडूही. पाणी जास्त तापवा, वेळ कमी करा, काहीही करा. एक दोष कमी केला की दुसरा वाढतो.

बर म्हणजे जात्याचंच तत्त्व. दात पाडलेल्या दोन भागांमध्ये जेवढी फट, तेवढे कण झाले की खाली पडणार. अगदी बारीक पीठ यातही थोडं पडतंच, कुठलाच ग्राइंडर त्यातून सुटलेला नाही. पण बहुतेक कण एका मापाचे असतात, आणि त्यामुळे मी केलेला एखादा बदल कपात ओळखू येतो. आधी तो ओळखूच येत नव्हता.

आता प्रत्यक्ष दळणं. हलक्या रोस्टच्या, म्हणजे कमी भाजलेल्या, १५ ग्रॅम बिया, क्लिक २५ (शून्यापासून मोजलेला; आकडा जितका लहान तितकं दळण बारीक). दांडा फिरवायला लागलं की पहिली पाच-सात आवर्तनं अडखळतात. बी कठीण असते, दात तिला पकडायला वेळ घेतात. मग एक लय लागते. ग्राइंडर थोडा तिरका धरला तर बिया एकदम दातांवर पडत नाहीत आणि हाताला झटके बसत नाहीत. शेवटी आवाज पातळ होतो आणि दांडा एकदम मोकळा फिरतो. या सगळ्याला पाऊण मिनिट लागतं. गडद रोस्ट ठिसूळ असतो, तो निम्म्या वेळात होतो आणि हाताला काहीच लागत नाही. खूप हलका भाजलेला, उंचावरच्या लागवडीचा माल मात्र मनगटाची परीक्षा घेतो. ज्यांना सांध्यांचा त्रास आहे त्यांनी हे लक्षात घेऊनच निर्णय घ्यावा.

सुरुवातीच्या आठवड्यांत स्थिर विजेने पिच्छा पुरवला होता. पूड डब्याच्या कडांना चिकटायची, साल उडून ओट्यावर पसरायचं. उपाय सोपा आहे: दळण्याआधी बियांवर पाण्याचा एक हलका फवारा, किंवा ओल्या चमच्याची दांडी बियांमधून एकदा फिरवायची. २०२३ साली ओरेगॉन विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर हेंडन आणि ज्वालामुखींचा अभ्यास करणारे त्यांचे सहकारी यांनी यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. दळताना कणांवर येणारा विद्युतभार बीमधल्या ओलाव्यावर ठरतो, आणि थोडं पाणी घातलं की तो बराच कमी होतो, असं त्यांना आढळलं. गडद रोस्ट जास्त सुकलेला असल्याने जास्त त्रास देतो, हेही माझ्या अनुभवाशी जुळलं. ज्वालामुखीच्या राखेवर काम करणाऱ्या माणसांना कॉफीच्या पुडीत तेच विज्ञान दिसावं याचं मला फार अप्रूप वाटलं. आता फवाऱ्याची छोटी बाटली ग्राइंडरच्या शेजारीच असते.

सकाळची कॉफी मी व्ही६०वर, म्हणजे कागदी फिल्टर लावायच्या शंकूच्या आकाराच्या गाळणीवर करते. १५ ग्रॅम पूड, २५० ग्रॅम पाणी, हलक्या रोस्टला ९४ अंशांच्या आसपास. आधी ४५ ग्रॅम पाणी ओतून पाऊण मिनिट थांबायचं, म्हणजे भाजताना बीमध्ये अडकलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. ताज्या मालाचा थर या वेळी चांगला फुगून येतो, त्यावर बुडबुडे फुटताना दिसतात. बीला जुनं होत चालल्याची पहिली खूण इथेच मिळते: पाणी पडलं तरी थर हलत नाही. मग दोन ओतींत उरलेलं पाणी, आणि तीन मिनिटांच्या जवळपास सगळं खाली.

याच ठिकाणी ग्राइंडरने मला शिकवलं. कॉफी दोन मिनिटांत उतरली आणि लिंबासारखी टोचली, तर दोन क्लिक बारीक. चार मिनिटं लागली आणि घोट गिळल्यावर जीभ कोरडी पडली, तर दोन क्लिक जाड. बाकी काही बदलायचं नाही. तीच बी, तेच पाणी, तेच वजन. असं करता करता माझ्या लक्षात आलं, की मला २६व्या क्लिकची, थोडी पातळ आणि फळासारखी आंबटगोड कॉफीच आवडते. कितीतरी वर्षं मी स्वतःला "स्ट्राँग कॉफी पिणारी" समजत होते. मला हवा होता तो वास आणि भरीवपणा, आणि पूड नीट दळलेली नसल्यामुळे तो फक्त गडद, कडू कॉफीतच मिळत होता. इथिओपियाच्या धुतलेल्या (वाळवण्याआधी फळाचा गर धुऊन काढलेल्या) मालात फुलांचा वास असतो असं पाकिटावर छापलेलं मी आधी जाहिरात समजून सोडून द्यायची. तो वास खरंच असतो. कप थोडा निवल्यावर तर जास्तच येतो.

दुपारी एरोप्रेस, म्हणजे दट्ट्याने दाबून कॉफी गाळायची नळी. अ‍ॅलन अ‍ॅडलर या अमेरिकन संशोधकाने २००५ साली हे साधन बाजारात आणलं. खेळायच्या उडत्या चकत्या बनवणाऱ्या या माणसाने, चूक करणाऱ्यालाही सांभाळून घेईल असं कॉफीचं यंत्र केलं. क्लिक १८, ८५ अंशांचं पाणी, दीड-दोन मिनिटं, मग सावकाश दाब. ओतण्याचं कौशल्य लागत नाही, चोथा एका ढकलण्यात गोल वडीसारखा बाहेर येतो, धुणं अर्ध्या मिनिटाचं. कामाच्या मधल्या वेळेला माझ्या मते याला तोड नाही. चवीत व्ही६०ची नितळता नाही, पण अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा दाटपणा, जास्त असतं.

फ्रेंच प्रेस (जाळीचा दट्ट्या असलेलं भांडं) सुट्टीच्या दिवशी, दोघं-तिघं असलो की. क्लिक ३२, ३० ग्रॅमला अर्धा लिटर पाणी. चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने मोडायचा, फेस काढून टाकायचा, आणि आणखी पाच मिनिटं हात न लावता ठेवायची. पूड आपोआप तळाशी बसते. जाळी तळापर्यंत दाबायची नाही, फक्त पृष्ठभागापर्यंत न्यायची. एवढ्याने कपातला गाळ जवळजवळ नाहीसा झाला. रोज मात्र मी ती करत नाही. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य असतं, ते एलडीएल, म्हणजे 'वाईट', कोलेस्टेरॉल वाढवतं. जाळीतून ते कपात येतं आणि कागदी फिल्टर ते बहुतांश अडवतो. जर्मनीत मेलिटा बेंट्झ यांनी १९०८ साली कागदी फिल्टर काढला तो गाळ आणि कडवटपणा नको म्हणून. आरोग्याचा हा फायदा त्यात आपोआप मिळाला.

मोका पॉटबद्दल (गॅसवर ठेवायचं, वाफेच्या दाबाने पाणी पुडीतून वर चढवणारं भांडं) थोडक्यात: क्लिक १५, उकळतं पाणी आधीच खालच्या भागात घालून मंद आच, गुरगुर सुरू व्हायच्या आत गॅस बंद. दूध घालून प्यायची असेल तेव्हा हीच.

एस्प्रेसोसाठी, म्हणजे मशीनच्या दाबाने काढलेल्या छोट्या, दाट कॉफीसाठी, हा ग्राइंडर घेऊ नका. तिथे ९ बारच्या (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या नऊपट) आसपास दाब असतो आणि एका क्लिकने एक कप उतरायचा वेळ कितीतरी बदलतो. ३० मायक्रॉनचा टप्पा त्यासाठी मोठा पडतो. एका मित्राच्या मशीनवर करून पाहिलं. एका क्लिकवर धार धोधो, पुढच्या क्लिकवर थेंब थेंब. मधलं काही मिळालंच नाही. जाहिरातीत "एस्प्रेसोपासून फ्रेंच प्रेसपर्यंत" असं लिहिलेलं असतं, त्यातला पहिला शब्द सोडून द्यावा.

तक्रारी आणखीही आहेत. दांड्याची लाकडी मूठ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सैल झाली. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर यायलाच बरेच दिवस गेले, आणि आलं ते "मूठ वेगळी मिळत नाही" एवढंच. शेवटी आतला स्क्रू घट्ट करून भागलं, पण रोज हातात धरायच्या वस्तूचा सुटा भाग मिळू नये हे मला पटत नाही. माहितीपत्रकात शून्य कुठे धरायचं तेही धड सांगितलेलं नाही. चकती घट्ट करत न्यायची, दांडा आपल्या वजनाने खाली पडायचा थांबला की ते शून्य, आणि तिथून मागे क्लिक मोजायचे. हे समजल्याशिवाय दुसऱ्या कुणाचे आकडे वापरण्यात अर्थ नाही. आणि २५ ग्रॅमची मर्यादा चार माणसं असली की जाचते. दोनदा भरून दोनदा फिरवावं लागतं.

साफसफाई सोपी आहे. रोज ब्रशचे चार हात, महिन्यातून एकदा सगळं सुटं करून कोरड्या कापडाने पुसणं. बर पाण्याने धुवायचा नाही, गंजतो. गडद रोस्ट वापरत असाल तर हे जास्त वेळा करावं लागेल. त्याचं तेल दातांमध्ये बसतं आणि काही दिवसांनी पुढच्या कपाला खवट वास येतो.

सवयीत जो फरक पडला तोही लिहायला हवा. आधी चार-पाच कप व्हायचे, समोर आला की प्यायचा. आता दोन. दळायला पाऊण मिनिट का होईना द्यावं लागतं, त्यामुळे कॉफी खरंच हवी आहे का हे आधी कळतं. शिवाय वजनाने मोजायला लागल्यावर कॅफिनचा हिशेब समोर आला. अरेबिका या कॉफीच्या जातीच्या बीमध्ये कॅफिन साधारण १.२ टक्के असतं, म्हणजे १५ ग्रॅममध्ये १८० मिलिग्रॅम, आणि त्यातलं बरंचसं कपात उतरतं. निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत चिंता नाही, असं युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली म्हटलं आहे. गरोदरपणात ही मर्यादा २०० आहे. असे दोन मोठे कप झाले की आपण मर्यादेच्या बरेच जवळ असतो. रोबस्टा या दुसऱ्या जातीत तर कॅफिन जवळपास दुप्पट. शरीरातलं निम्मं कॅफिन उतरायला पाच तासांच्या आसपास लागतात, कुणाला त्याहून जास्त. म्हणून माझा दुपारचा कप १० ग्रॅमचा असतो आणि तीननंतर मी घेत नाही. झोपेत याचा फरक मला स्पष्ट जाणवला.

घ्यावा कुणी? दिवसाला एक-दोन कप, तेही काळे आणि गाळून पिणाऱ्यांनी जरूर घ्यावा. नवा ड्रिपर (व्ही६०सारखी गाळणी), नवी किटली, महागडा माल यांच्या आधी हा घ्या. दूध-साखर घालून पिणाऱ्यांना फरक कमी जाणवेल. त्यांचं पूर्वदळलेल्या ताज्या पुडीवरही छान चालतं. घरात पिणारे चार असतील तर विजेवरचा बर ग्राइंडरच बघा, सकाळच्या घाईत साठ ग्रॅम हाताने दळणं होत नाही.

वर दिलेले क्लिकचे आकडे माझ्या यंत्राचे आहेत. तुमच्या यंत्रावर आधी शून्य शोधा, फट मायक्रॉनमध्ये मोजून (क्लिक गुणिले एका क्लिकचे मायक्रॉन) माझ्या जवळपास या, आणि तिथून दोन-दोन क्लिकने सरका. नवी बी आणली की २४ ते २६च्या दरम्यान सुरुवात करते, पहिले दोन कप तिथे ठरतात, आणि जुळलेला आकडा पेन्सिलने पाकिटावरच लिहून ठेवते.