बॅकिंग ट्रॅक अ‍ॅपवर आठ महिने टू-फाइव्ह-वन घोटल्यावर

आठ महिने, रोज साधारण चाळीस मिनिटं, गिटार आणि फोनवरचं बॅकिंग ट्रॅक अ‍ॅप. कॉर्ड भरायच्या, टेंपो ठरवायचा, की ड्रम्स, बास आणि पियानो सुरू. वर सोलो आपण वाजवायचा. मी घोटत होतो ते टू-फाइव्ह-वन, म्हणजे स्केलच्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या सुरावरच्या कॉर्डची जॅझमधली नेहमीची साखळी. अशी अ‍ॅप्स बरीच आहेत आणि अनुभव थोड्याफार फरकाने सगळ्यांना लागू पडेल, म्हणून नाव घेत नाही.

पहिले तीन महिने मी भलताच खूश होतो. डी मायनर सेव्हनवर डी डोरियन, जी सेव्हनवर जी मिक्सोलिडियन, सी मेजर सेव्हनवर सी आयोनियन: प्रत्येक कॉर्डला तिचा मोड, म्हणजे सुरांची ठरलेली मालिका. एकही सूर चुकत नव्हता. मग एकदा रेकॉर्ड केलं आणि मागचा ट्रॅक बंद करून नुसती गिटार ऐकली. कॉर्ड कुठे बदलली ते कळेचना! कळणार तरी कसं? तिन्ही मोडमध्ये सूर तेच सात. नावं तीन घेत होतो, वाजवत होतो एकच सी मेजर स्केल.

डोरियन म्हणजे काफी थाट, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज, एवढं जुळलं तेव्हा मोड हातात आले असं वाटलं होतं. पण रागात षड्ज हलत नाही. इथे दर बारला (चार मात्रांच्या तुकड्याला) खालचा बास सरकतो आणि तोच सूर आत्ता शोभतो, पुढच्या बारमध्ये टोचतो. डी मायनर सेव्हनवर सी छान बसतो. जी सेव्हनवर तोच लांबवला की कॉर्डमधल्या बीशी भांडायला लागतो.

चौथ्या महिन्यात स्केल बंद केले. फक्त प्रत्येक कॉर्डचा तिसरा आणि सातवा सूर, टेंपो मिनिटाला ६० मात्रा. डी मायनर सेव्हनचे एफ आणि सी. जी सेव्हन आला की सी अर्धा सूर उतरून बी होतो, एफ जागेवरच. पुढे सी मेजर सेव्हनवर बी थांबतो आणि एफ उतरून ई होतो. म्हणजे दर बदलाला एकच सूर हलतो, तोही अर्ध्याच सुराने. दोन आठवडे एवढंच वाजवलं. घरचे वैतागले, पण रेकॉर्डिंगमध्ये पहिल्यांदा कॉर्ड ऐकू आल्या. त्यानंतर बाकीचे सूर वाटेत भरले: बीला समेवर गाठायचं तर आधी वरून सी, खालून ए शार्प, मग बी.

अ‍ॅपचं खरं कौतुक दोन गोष्टींसाठी. चार बार लूप करता येतात, आणि प्रत्येक कोरसला (कॉर्डच्या पूर्ण फेरीला) की, म्हणजे पट्टी, आपोआप बदलता येते: सी, एफ, बी फ्लॅट, असं बारा कींचं चक्र. गिटारवाल्यांनी मात्र जपावं. बोटांचा तोच आकार पुढच्या फ्रेटवर (गिटारच्या पुढच्या घरात) सरकवला की बारा की ‘येतात’ आणि डोक्याला काडीचा त्रास होत नाही. मी पाचव्या ते आठव्या फ्रेटबाहेर जायचं नाही असं ठरवलं, तेव्हा कुठे सूर शोधावे लागले.

आता तक्रारी. पडद्यावर चालू बार उजळतो, आणि डोळे तिथेच चिकटतात. सहाव्या महिन्यात फोन पालथा ठेवला, तर दुसऱ्याच कोरसमध्ये मी हरवलो. म्हणजे इतके दिवस वाचतच होतो की!

दुसरी तक्रार मोठी. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९च्या ‘सो व्हॉट’चा आराखडा भरला: ३२ बार, त्यात १६ डी डोरियन, ८ ई फ्लॅट डोरियन, पुन्हा ८ डी डोरियन. मोडचा खरा उपयोग मला इथे कळला, कारण धावायला कॉर्डच नाहीत. एकाच मोडमधून काहीतरी उभं करावं लागतं. त्यासाठी मध्येच थांबावंसं वाटतं. पण मी थांबलो तरी अ‍ॅपचा पियानो आपलं ठरलेलं कंपिंग (कॉर्डची साथ) वाजवत राहतो. सोबतीला माणूस असता तर त्या जागेत काहीतरी बोलला असता.

जी सेव्हनवर मुद्दाम टोचणाऱ्या सुरांचा अल्टर्ड स्केल, म्हणजे जीपासून वाजवलेला ए फ्लॅट मेलडिक मायनर, अजून पाठ केल्यासारखाच वाजतो. त्यात अ‍ॅपचा दोष नाही.

पाचपैकी साडेतीन. नवशिक्यांनी जरूर घ्यावं, पण पहिल्या दिवसापासून स्वतःचं रेकॉर्डिंग करावं. मी आता पियानो म्यूट करून फक्त बास ठेवतो, तेही पंधरा मिनिटं. उरलेला वेळ दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मेट्रोनोम. जी फ्लॅटमध्ये अजून दर वेळी अडखळतो.