सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ : काही महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः ड्रायव्हरबद्दल

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दिवाळी झाल्यावर अंबाजोगाईतल्या आमच्या सेवा केंद्राचा मुख्य कॉम्प्युटर मी विंडोज ११ वर नेला. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, ई-केवायसी, प्रिंट, स्कॅन सगळं त्याच्यावरच चालतं. सिस्टीमबद्दल तक्रार नाही. कस लागला तो ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर-स्कॅनरसारखं उपकरण विंडोजकडून चालवून घेणारं सॉफ्टवेअर, शोधताना.

मशीन इंटेलच्या आठव्या पिढीचं, म्हणून अटीत बसलं. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम ही सुरक्षेची सोय बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) पीटीटी या नावानं होती, पण बंद; ती चालू केली. पण जुनी विंडोज होती ३२ बिटची आणि ११ येते फक्त ६४ बिटमध्ये. अशा वेळी थेट अपग्रेड होत नाही, फॉरमॅटच मारावा लागतो. वर ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटची विंडोज घेत नाही, म्हणजे उपकरणांसोबत आलेल्या जुन्या सीड्या बाद. तुमच्याकडंही ३२ बिट असेल तर प्रत्येक उपकरणाचा ६४ बिट ड्रायव्हर आधी पेनड्राइव्हवर घ्या, मगच फॉरमॅटला हात लावा. सगळ्यात आधी लॅनचा घ्या, कारण नेटच नसेल तर बाकीचे उतरवणार कसे? तो राहिलाच तर अँड्रॉइड मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट मिळतं.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि ‘अननोन डिव्हाइस’ दिसलं की पोरं गुगलवर मिळेल ते ‘ड्रायव्हर अपडेटर’ टाकतात. ते कृपा करून टाकू नका. लोकांचे आधार आणि बँकेचे कागद ज्या मशीनवर उघडतात, तिथं असलं अनोळखी सॉफ्टवेअर नकोच. त्या नावावर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी. त्यात ‘व्हीईएन’पुढं जे चार अंक-अक्षरं असतात ती चिप बनवणाऱ्याची खूण : ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रियलटेक. यूएसबीच्या उपकरणाला ‘व्हीआयडी’ (कंपनीची खूण) आणि ‘पीआयडी’ (उपकरणाची खूण) असतं. हा आयडी जसाच्या तसा मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग या साइटवर टाकला की बहुतेक वेळा नेमका ड्रायव्हर समोर येतो. फाइल कॅब (झिपसारखी) असते, ती उघडून डिव्हाइस मॅनेजरला फोल्डर दाखवायचं. माझे साउंड आणि चिपसेटचे त्रिकोण असेच गेले.

लेझर प्रिंटरला कंपनीच्या साइटवर विंडोज १० चाच ६४ बिट ड्रायव्हर होता. तो ११ वर बिनतक्रार चालतो, ‘११’ लिहिलेलं नाही म्हणून सोडून देऊ नका. फाइल मात्र जपून ठेवा. विंडोज अपडेटमधून कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर देणं टप्प्याटप्प्यानं थांबवणार, असं मायक्रोसॉफ्टनं २०२३ मध्येच जाहीर केलंय.

थंब मशीनचं वेगळंच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळं ठीक दिसतं, तरी पोर्टल म्हणतं डिव्हाइस सापडत नाही. कारण नुसता ड्रायव्हर पुरत नाही, आरडी सर्व्हिसही लागते, म्हणजे आधारच्या पडताळणीसाठी बोटाचा ठसा सुरक्षितपणे पाठवणारं सॉफ्टवेअर. आधी ड्रायव्हर, मग आरडी सर्व्हिस, दोन्ही मशीनच्या कंपनीकडूनच. हे झाल्यापासून ई-केवायसीला आलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना ताटकळावं लागलं नाही, आणि मला तेच महत्त्वाचं होतं.

स्कॅनरनं सगळ्यात जास्त पिडलं. कंपनीनं ६४ बिट ड्रायव्हर काढलाच नव्हता. शेवटी व्ह्यूस्कॅन विकत घेतलं. कंपन्यांनी सोडून दिलेले कितीतरी जुने स्कॅनर ते स्वतःच्या ड्रायव्हरवर चालवतं. आमचा चालतो, वेग थोडा कमी आहे. चांगला स्कॅनर केवळ ड्रायव्हर नाही म्हणून भंगारात घालणं मला पटत नाही, म्हणून तो खर्च केला.

एखादा जुना ड्रायव्हर ‘मेमरी इंटिग्रिटी’ या विंडोजच्या सुरक्षा सोयीमुळं अडतो. ती बंद करण्याआधी नवी आवृत्ती शोधा, मी ती चालूच ठेवली आहे. सगळं जागेवर बसल्यावर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून पीएनपीयूटिल या विंडोजमधल्याच टूलच्या एक्सपोर्ट आज्ञेनं बाहेरून टाकलेले सगळे ड्रायव्हर एका फोल्डरात काढून घेतले. प्रिंटर आणि आरडी सर्व्हिसची सेटअप मात्र वेगळी ठेवावी लागते, ती त्यात येत नाही.