देवबागच्या संगमावर गरवायला नेणारी होडी: एप्रिल-मेचा अनुभव

आधीच सांगते, गरवायला, म्हणजे गळानं मासे धरायला नेणारी ही होडी मी पुन्हा ठरवणार आहे आणि तुम्हीही ठरवावी असं मला मनापासून वाटतं. फक्त "शनिवारी सकाळी आठला येतो" असं आपल्या सोयीनं सांगून इथे चालत नाही. वेळ तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, ठरवतो. या सेवेचं खरं मोल मला त्यातच दिसलं.

माझं माहेर मिरजेचं. वडिलांच्या शेजारी बसून कृष्णेत गळ टाकायला शिकले. सासर कुडाळचं, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन मालवणजवळच्या देवबागला जाणं ठरलेलं. नदीची सवय असलेल्या माणसाला खाडी सुरुवातीला कळतच नाही. नदी एकाच दिशेला वाहते. देवबागला समुद्राला मिळणारी कर्लीची खाडी दिवसातून चार वेळा दिशा बदलते आणि मासा त्या पाण्याबरोबर जागा बदलतो. ओढ असेल तेव्हा कोळंबी आणि शेवटे माशांची पिल्लं पाण्याबरोबर वाहत येतात. मोठा मासा खडकाच्या किंवा वाळूच्या दांड्याच्या आडोशाला थांबून त्यांची वाट बघतो. पाणी थांबलं की त्याचं खाणंही थांबतं.

मी फोन केला तेव्हा आम्हाला सोयीची तारीख नेमकी अष्टमीची होती. तांडेल म्हणाले, "वयनी, अष्टमीक भांग आसा. पाणयाक वढ नाय. पैसे फुकट जातले तुमचे. तेरशीक येवा." भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची मंद भरती-ओहोटी; अमावस्या-पौर्णिमेची जोराची ती उधाण. सुट्टीच्या ऐन हंगामात हातचं गिऱ्हाईक पाच दिवस पुढे ढकलणारा माणूस मला तरी किनाऱ्यावर दुसरा भेटलेला नाही. बाकीचे जण भांग असो की उधाण, होडीत बसवतात आणि काही लागलं नाही की "आज नशीब नाही" म्हणतात.

तेरसच का, याचं गणित पुढे पटलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा मुंबई-रायगडकडचा जुना आडाखा. तेराची पाऊणपट म्हणजे पावणेदहा. मालवणकडे भरती मुंबईच्या थोडी आधी लागते, म्हणजे साधारण नऊच्या आसपास. त्यामुळे पहाटे निघालं की चढतं पाणी मिळतं, शिवाय पौर्णिमा जवळ असल्यानं त्याला जोर असतो. मुंबईला उधाणाचं पाणी साडेचार मीटरच्या पुढे चढतं. इथे ते निम्म्याच्या आसपासच असतं. म्हणूनच इथे भांगाच्या दिवसांत पाणी फारच मलूल वाटतं.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. एप्रिल-मेमध्ये रात्री जमीन लवकर निवते आणि पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तोवर खाडीचं मुख तव्यासारखं सपाट असतं. दहा-अकरा वाजले की वायव्येकडून वारा सुरू होतो. त्याच सुमाराला ओहोटीही लागलेली असेल, तर पाणी बाहेर ओढतं आणि वारा आत ढकलतो. वाळूच्या दांड्यावर लाटा उभ्या राहतात आणि लहान होडीला तिथून आत येणं जिवावरचं होऊ शकतं. आमचे तांडेल साडेनऊला गऱ्या वर घ्यायला सांगतात. मासा लागत असला तरी. मुलं कुरकुरली. तांडेलांनी ऐकलं नाही, आणि मला ते फार बरं वाटलं.

आता प्रत्यक्ष गरवण्याबद्दल. फायबरची होडी, मागे इंजिन, चौघांपुरती जागा. उजाडायच्या आत निघालो ते आधी भोगव्याच्या बाजूच्या खडकांकडे. जिवंत सुंगटं (कोळंबी) आमिषाला होती आणि ती खरंच जिवंत होती, पंप लावलेल्या डब्यात ठेवलेली. हे मुद्दाम लिहिते, कारण दुसरीकडे मला बर्फातली मलूल कोळंबी "ताजी" म्हणून हातात दिलेली आहे. उन्हाळ्यात इथलं पाणी स्वच्छ असतं, म्हणून तांडेल पुढचा दोरा बारीक आणि पारदर्शक बांधतात. ऊन वर आलं की मासा दोरा बघतो, असं त्यांचं म्हणणं.

पहिली तांबोशी मला लागली. तांबोशी गरी गिळते ती थेट खडकाच्या कपारीकडे पळते. पहिल्या काही क्षणांत तिला वळवलं नाही तर दोरा तुटलाच. तांडेल शेजारी उभे राहून "सोडू नको, सोडू नको, आता दी" एवढंच म्हणत होते. काठी माझ्या हातातून त्यांनी एकदाही घेतली नाही. नवख्याची काठी काढून घेऊन स्वतः मासा ओढणारे होडीवाले मी पाहिलेत. त्यात माणसाला काय मिळतं?

संगमाजवळ मुलीला चणक लागला. पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकणारा हा मासा, रायगडातला जिताडा तो हाच. चणक जन्माला येतो नर म्हणून आणि मोठा झाला की मादी होतो. म्हणजे खाडीतला सगळ्यात थोराड चणक बहुधा अंड्यांची मादी असते, तीही पावसाच्या तोंडावर. तांडेलांचा नियम असा की खूप मोठा चणक फोटो काढून सोडायचा आणि मधला ठेवायचा. मुलीचा मधला होता, ठेवला. गोब्रा माशाचं उलट असतं: आधी मादी, मग नर. धाकट्याला लागलेला गोब्रा वीतभरही नव्हता, तो लगेच पाण्यात गेला. होडीच्या काठावर मासा मोजायला खाचा पाडलेली लाकडी पट्टी बांधलेली आहे. राज्यानं 2023 मध्ये 54 जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला, सुरमईसाठी तो 370 मिलिमीटर आहे. ही पट्टी तेव्हापासूनची. गिऱ्हाईक नाराज झालं तरी लहान मासा ते ठेवू देत नाहीत.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या खडकांकडे नेता का, असं काही जण विचारतात. हे नेत नाहीत. 1987 मध्ये जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्याचा गाभा तिथेच आहे आणि त्यात मासेमारीला बंदी आहे. मालवणात मला एकानं "मागच्या बाजूनं नेतो, कोण बघतंय" असं सांगितलं होतं. अशांच्या होडीत बसू नका.

बाहेरच्या समुद्रात, निवतीच्या खडकांच्या दिशेनं सुरमई आणि मोडोशासाठीही ते नेतात. मी गेलेले नाही. नवरा गेला होता, खूश होऊन आला, पण परतताना त्याला बोट लागली.

उणं काय, तेही सांगायला हवं. दोन रिळांपैकी एकाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तसा दोरा सुटू देणारा ब्रेक, मिठानं अडकत होता. तांबोशीसारखा मासा लागल्यावर असं रीळ हातात असणं म्हणजे मासा गेलाच. होडीवर सावली अजिबात नाही. मोठ्यांची लाइफ जॅकेट चांगली आहेत, लहान मुलाच्या मापाचं एकच होतं. दोन मुलं असतील तर एक आपलं न्या. चार तास होडीवर शौचालयाची सोय नाही, बायकांनी हे धरूनच निघावं. आणि चढताना-उतरताना गुडघाभर पाण्यातून जावं लागतं, घरातल्या वयस्कर माणसांना ते जड जाईल.

चार तासांचे 4,000 रुपये घेतले, चौघांचे मिळून, आमिष आणि काठ्या धरून. मला हे रास्त वाटलं. मासे साफ करून मिळत नाहीत. आम्ही राहिलो होतो त्या घरच्या काकूंनी तांबोशीच्या तुकड्या रव्यात घोळवून तळून दिल्या आणि चणकाचं सार केलं.

जायचंच तर एप्रिल किंवा मेचा पहिला पंधरवडा गाठा. त्यानंतर दक्षिणेकडून मोठ्या लाटा यायला लागतात आणि वादळाचा भरवसा नसतो. तौक्ते 2021 मध्ये मेच्या मध्यावरच इथून गेलं होतं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी, तेव्हा होडी किनाऱ्यावर ओढून झाकलेली असते.

नाव आणि नंबर छापू नका असं तांडेलांनी सांगितलंय, कारण फोन वाढले की तिथीचा हिशेब सांगत बसायला वेळ उरत नाही. देवबागला पोचल्यावर संगमाकडे जाणाऱ्या रस्त्यावर "पट्टी लावलेली होडी" विचारा, कुणीही दाखवेल. आगाऊ पैसे घेत नाहीत. रोख न्या, टोपी न्या, आणि सुट्टी मागतानाच कॅलेंडरवर अमावस्या-पौर्णिमा बघून मागा.